'ते औषध घेतच नाहीत' म्हणणाऱ्या माझ्या मराठी सहकाऱ्यांना

प्रति,
अमेरिकेत काम करणारे मराठी डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि श्वसनचिकित्सक यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र इंग्रजीत लिहिलं असतं तर जास्त लोकांनी वाचलं असतं. पण ज्या वाक्याबद्दल मला बोलायचंय, ते आपण इंग्रजीत कधी उच्चारत नाही. परिषदेत स्लाइड लावून बोलताना आपण समान आरोग्यसेवा, सांस्कृतिक जाण वगैरे शब्द बिनचूक वापरतो. मग मंडळाच्या गणपतीत ताट हातात आलं की सूर बदलतो. "अगं, ह्या हिस्पॅनिक लोकांना कितीही सांग, औषध घेतच नाहीत. पोराला धाप लागली की आले इमर्जन्सीत. दोन महिन्यांनी परत तेच." हे मी बालरोगतज्ज्ञांकडून ऐकलंय, फार्मसीच्या काउंटरमागून ऐकलंय आणि स्वतःच्या मुलीला रोज पंप द्यायला का-कू करणाऱ्या एका बाईंकडूनही ऐकलंय.

मी शिकागोत दमा-शिक्षिका आहे. दम्याच्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना पंप कसा आणि केव्हा घ्यायचा, घरात काय बदलायचं, कधी दवाखाना गाठायचा हे शिकवणं हे माझं काम. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं हम्बोल्ट पार्कमधल्या पोर्तो रिकन घरांतली, पिल्सन आणि लिटल व्हिलेजमधल्या मेक्सिकन घरांतली. २०२२ च्या ऑगस्टपासून टेक्सासहून बसनं पाठवलेली व्हेनेझुएलाची कुटुंबं शहरात आली, तेव्हापासून तीही. त्यांच्यापैकी बरेच जण औषध ठरल्याप्रमाणे घेत नाहीत, हे खरं आहे. मला हरकत आहे ती त्या वाक्याच्या सुराला. औषध का घेतलं जात नाही याची कारणं शोधायला लागलं की त्यातली बरीचशी आपल्याच टेबलाच्या अलीकडच्या बाजूला सापडतात.

आधी 'हिस्पॅनिक' या खान्याबद्दल. आपण फॉर्मवर तो एकच चौकोन भरतो आणि पुढे जातो. दम्याच्या बाबतीत त्या चौकोनाइतकी फसवी गोष्ट नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) २००८ ते २०१० च्या राष्ट्रीय पाहणीत पोर्तो रिकन वंशाच्या लोकांमध्ये दम्याचं प्रमाण १६.१ टक्के होतं, मेक्सिकन वंशाच्या लोकांमध्ये ५.४ टक्के. म्हणजे जवळजवळ तिप्पट. दोघांची भाषा एक, फॉर्मवरचा खाना एक, आणि शिकागोत तर दोन्ही वस्त्या काही मैलांच्या अंतरावर. यांची सरासरी काढली की मधलाच कुठला तरी आकडा येतो आणि तो कुणालाच लागू पडत नाही.

इथेच थांबत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डॉ. एस्तेबान बुर्चार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅटिनो रुग्णांवर वर्षानुवर्षं जे संशोधन केलं, त्यात २००४ सालीच दिसलं होतं की अल्ब्युटेरॉलनं, म्हणजे धाप लागल्यावर लगेच घ्यायच्या पंपातल्या औषधानं, पोर्तो रिकन रुग्णांची श्वासनळी मेक्सिकन रुग्णांच्या मानानं कमी मोकळी होते. आता हम्बोल्ट पार्कमधल्या एखाद्या आईचं बोलणं ऐका: "पंप दिला, परत दिला, काही फरक नाही, म्हणून घेऊन आले." आपण मनात म्हणतो, हिनं पंप नीट दिलाच नसेल. दिला असेलही. अशा घराला 'त्रास झाला की पंप द्या' एवढंच सांगून पाठवणं अपुरं आहे. पंप देऊनही आराम पडला नाही तर किती वेळ वाट पाहायची, कधी निघायचं आणि रोजचं सूज कमी करणारं औषध तिच्या मुलाला जास्तच का गरजेचं आहे, हे तिला स्पष्ट सांगायला हवं. मात्र सगळं खापर जनुकांवर फोडून मोकळं होऊ नका. घर आणि हवा यांच्याकडे येतेच आहे.

शिवाय या खान्यात ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातून आलेली माया कुटुंबंही बसवलेली असतात. घरात किचे किंवा कक्ची बोलतात, स्पॅनिश त्यांची दुसरी भाषा. त्यांना स्पॅनिश पत्रक दिलं की आपल्या सिस्टिममध्ये 'शिक्षण दिले' अशी खूण होते, आणि आई ते पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवते.

ही खूण म्हणजे आपल्या पेशाचं दुखणं आहे. 'अस्थमा एज्युकेशन' या ओळीपुढे टिक मारायला एक सेकंद लागतो. प्रत्यक्षात काय घडलेलं असतं? आई स्पॅनिश बोलते, आठ वर्षांचा पेशंट इंग्रजी बोलतो, आणि आपण त्याच्याकडे बघून म्हणतो, "मॉमला सांग, हा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ." ज्याला धाप लागलीय तोच दुभाषा. तो घाबरलेला असतो आणि आईला घाबरवायचं नाही म्हणून निम्मं गाळतो. कायद्याचं म्हणाल तर ओबामांच्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ खालचे नियम, तातडीचा प्रसंग सोडला तर, अल्पवयीन मुलाला दुभाषा म्हणून वापरू देत नाहीत. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढून क्लिंटन यांचा २००० सालचा भाषा-साहाय्याचा आदेश रद्द केला, तेव्हा 'आता दुभाष्याची सक्ती गेली' अशी कुजबुज मीही ऐकली. तसं नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि कलम १५५७ जागच्या जागी आहेत.

बरं, दुभाषा मिळाला तरी तो बहुधा फोनवर असतो. फोनवरच्या माणसाला हात दिसत नाहीत. "असा धरायचा, मग असं दाबायचं" याचं तो काय भाषांतर करणार? पंप शिकवायचा असेल तर समोर बसलेला दुभाषा मागा, निदान व्हिडिओवरचा तरी. तोही नसेल तर आधी करून दाखवा, मग बोला.

आणि मग फार्मसी. २०१० साली 'पीडियाट्रिक्स'मध्ये ब्रॉन्क्समधल्या फार्मसींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथे औषधांवरची स्पॅनिश लेबलं बहुतेक ठिकाणी संगणकाकडून भाषांतर करून छापली जात होती, आणि तपासलेल्या लेबलांपैकी निम्म्यांत चुका निघाल्या. आपल्या फार्मासिस्ट मंडळींना विचारते: तुमच्या यंत्रातून निघणारं स्पॅनिश लेबल स्पॅनिश येणाऱ्या एका तरी माणसानं वाचून पाहिलंय का?

या कुटुंबांची एक सवय आपल्याला परकी वाटायला नको. डॉक्टरांसमोर 'सी, सी' म्हणत मान डोलवायची, प्रश्न विचारायचा नाही. मोठ्या माणसाला उलट विचारणं म्हणजे अनादर. आपल्याकडे वेगळं काय होतं? सातारच्या आत्या डॉक्टरांपुढे "हो हो, बरं बरं" म्हणतात आणि बाहेर बाकावर येऊन विचारतात, "काय म्हणाले रे ते?" ही तऱ्हा ओळखूनही आपण इथे "समजलं का?" असा प्रश्न टाकतो आणि 'सी' आलं की समाधान मानतो. तो प्रश्नच सोडून द्या. पंप आईच्या हातात द्या आणि म्हणा, "मुएस्त्रेमे." दाखवा मला. पुढच्या दोन मिनिटांत सगळं कळतं.

मला काय काय दिसतं ते सांगते. पंप न हलवताच दाबलेला. झाकण न काढता दाबलेलासुद्धा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं, कपाटात, कारण तो शाळेत न्यायला अवजड आणि मुलाला लाज वाटते. आधी श्वास आत, मग पंप. एकाच श्वासात तीन फवारे. बाळ रडत असताना तोंडावर दाबून धरलेला मास्क, आणि आई समाधानी की रडताना मोठा श्वास घेतला म्हणजे औषध खोल गेलं असणार. रडणाऱ्या बाळाच्या छातीत जेमतेम औषध पोचतं. काही स्पेसरना शिट्टी असते. श्वास फार जोरात ओढला की ती वाजते, म्हणजे 'हळू' असा इशारा. मुलांना मात्र वाटतं की शिट्टी वाजली म्हणजे जमलं, म्हणून ती मुद्दाम वाजवतात. आयाही शाबासकी देतात. औषध संपून आकडा शून्यावर गेलेला पंपसुद्धा फुस्स करतोच, त्यामुळे महिनाभर नुसतं वायूवर चाललेलं मूल मी पाहिलंय. यातल्या कुठल्याही आईला तुम्ही 'औषध देत नाही' म्हणू शकत नाही. ती रोज देतेय.

मोठ्या मुलाचं खरं तंत्र फार नाही: हलवा, श्वास पूर्ण सोडा, नळीभोवती ओठ घट्ट मिटा, दाबा, सावकाश ओढा, दहापर्यंत रोखा. लहानग्याला मास्क आणि पाच-सहा शांत श्वास. सूज कमी करणारं औषध असेल तर नंतर चूळ. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात. पण ते प्रत्येक भेटीत परत लागतात, कारण हाताची सवय महिन्याभरात सुटते.

सगळ्यात मोठा घोळ दोन पंपांचा. एक लगेच श्वास मोकळा करणारा, दुसरा रोज घेऊन आतली सूज खाली आणणारा. पहिल्याचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो, दुसऱ्याचा दिवसेंदिवस काहीच जाणवत नाही. साहजिकच पहिला जवळचा होतो आणि दुसरा 'काम करत नाही' म्हणून मागे पडतो. घरात कुणी औषधांची नावं पाठ करत नाही, रंग लक्षात ठेवतात. आम्हीही तसंच शिकवायचो: नारिंगी रोजचा. मग १ जानेवारी २०२४ ला कंपनीनं नारिंगी फ्लोव्हेंट बाजारातून काढून घेतला. मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याला, द्यायच्या सवलतीचे नियम बदलले होते आणि जुन्या नावानं तो विकणं कंपनीला परवडेना. त्याच औषधाचा बिननावाचा अवतार आला, पण बऱ्याच विमा कंपन्यांनी तो यादीत घेतला नाही. मुलांना कुठल्या तरी तिसऱ्याच पंपावर नेलं गेलं, कुणाला भुकटीच्या, जो जोरात ओढावा लागतो, म्हणजे आम्ही शिकवलं त्याच्या बरोबर उलट. किती घरांना हा बदल त्यांच्या भाषेत समजावला गेला? त्या हिवाळ्यात 'औषध घेत नाहीत' असा शेरा ज्यांच्या फायलीवर पडला, त्यांतल्या कित्येकांना ते औषध मिळतच नव्हतं.

व्हेनेझुएलाच्या कुटुंबांचा आणखी एक घोटाळा आपल्याला चटकन समजेल. तिकडे, आपल्याकडच्यासारखंच, औषधाचं नाव सालब्युटामॉल. इथे तेच अल्ब्युटेरॉल. आई तिकडून आणलेला पंपही देते आणि इथलाही, दोन वेगळी औषधं समजून. पुण्याहून अस्थालिन घेऊन आलेल्या आजीबाई आपल्या घरांतही असतात, तेव्हा विचारायचं कसं हे तुम्हाला सांगायला नको.

आता आजीबाईंचा विषय निघालाच आहे तर. भेटीला आई येते, पण दुपारभर मूल असतं आबुएलाकडे, म्हणजे आजीकडे. रोजचा पंप द्यायचा की नाही हे तीच ठरवते. त्या पंपात स्टेरॉइड असतं, आणि ती तो शब्द ऐकून बिचकते, पंपाची सवय लागते असं मानते, गार पाणी, गार फरशी, ओले केस यांना दोष देते, छातीवर विक्स चोळते. पोर्तो रिकोच्या जुन्या समजुतीप्रमाणे दमा हा 'थंड' आजार, त्याला 'गरम' उपाय. घराघरांत सात जिनसांचं काढ्यासारखं सरबत असतं. मेक्सिकन घरांत तर चिवावा जातीचं कुत्रं पाळलं की मुलाचा दमा जातो अशी समजूत आहे. हसू नका. मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळणाऱ्यांच्या रांगेत आपल्याकडचे लोक कमी नसतात, आणि रात्री केळं खाल्लं की कफ होतो हे माझ्या आईनं मला आजही फोनवर सांगितलं असतं. थंड-उष्णाचं हे गणित कळायला गोऱ्या सहकाऱ्यांना पुस्तक वाचावं लागतं, आपल्याला लागत नाही. मग आबुएलाशी बोलायला आपल्याइतकं लायक दुसरं कोण?

तिच्याशी भांडून काही होत नाही. मी विचारते, तुम्ही काय देता, त्यानं काय होतं. मधाचा काढा वर्षावरच्या मुलाला चालेल, द्या. विक्समध्ये कापूर आहे, दोन वर्षांखालच्याला नको, आणि त्याच्या वासानं या मुलाची छाती भरते का ते बघा. कुत्र्याला कुरवाळून मुलाला शिंका येत असतील तर ते निदान त्याच्या बिछान्यात नको. हे सगळं ऐकून घेतल्यावर स्टेरॉइडचं बोलायला जागा होते. आणि तेव्हा खोटं बोलू नका. 'काहीही साइड इफेक्ट नाही' असं आपण घाईत म्हणतो. मुलांमध्ये ब्युडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉइडचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचे २०१२ मधले निष्कर्ष सांगतात की प्रौढपणी उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरते. मी बोटांनी तेवढं अंतर दाखवते. बहुतेक आज्या त्या दोन बोटांकडे बघतात, मग खोकून जागणाऱ्या नातवाकडे, आणि तयार होतात. ज्यांना आधी 'काही होत नाही' असं सांगितलेलं असतं, त्यांच्या कानावर शेजारीण भलतंसलतं घालते आणि मग त्या कुणाचंच ऐकत नाहीत.

मशीनचंही तसंच. वाफेच्या मशीनवर (नेब्युलायझर) घरच्यांचा जितका विश्वास, तितका पंपावर नसतो. तो विश्वास कुणी दिला? इमर्जन्सीत आपणच मशीन लावतो आणि घरी पाठवताना पंप देतो. सौम्य ते मध्यम उबळीत स्पेसरसह पंप मशीनइतकाच काम करतो हे आपल्याला कधीचं माहीत आहे. मग इमर्जन्सीतच, आईच्या डोळ्यांसमोर, पंपानं मूल बरं होऊ द्या ना.

इतकं सगळं जमलं तरी मूल घरी जातं, आणि घर कसं आहे हे आपण विचारत नाही. १९९७ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये देशातल्या मोठ्या शहरांच्या गरीब भागांतल्या मुलांचा अभ्यास आला. झुरळांची ॲलर्जी असलेल्या आणि घरात झुरळांचा उपद्रव असलेल्या मुलांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण इतरांच्या तिपटीहून जास्त होतं. आपलं पत्रक म्हणतं, 'घर स्वच्छ ठेवा.' ती आई दिवसभर दुसऱ्यांची घरं स्वच्छ करते, कदाचित तुमचंही. तिच्या स्वयंपाकघरात काही पडलेलं नसतं. झुरळं भिंतीतल्या भेगांतून येतात, पाइपाच्या भोकांतून येतात, आणि ती बुजवणं घरमालकाचं काम आहे. न्हाणीघराच्या छताला बुरशी धरते ती वरच्या मजल्यावरच्या गळतीनं. ती ब्लीच मारून पुसते, त्या वासानं पोराची छाती आवळते. तिला आपण शिकवायचं ते असं: फवारा नको, झुरळांसाठी जेल आणि सापळे. आणि मालकाला लेखी पत्र.

त्या पत्राचा मसुदा आमच्याकडे तयार असतो. शिकागोच्या १९८६ च्या भाडेकरू वटहुकमाखाली ज्या इमारती येतात, तिथे लेखी नोटीस देऊन १४ दिवसांची मुदत देता येते. मालक स्वतः राहतो अशा सहा किंवा कमी घरांच्या इमारती त्यातून वगळल्या आहेत, हे आधी बघा. शहराच्या ३११ या क्रमांकावर तक्रार मात्र सगळ्यांना करता येते. 'कागदपत्रं नाहीत ना, मग तक्रार करशील तर कळवेन' अशी धमकी देणं इलिनॉयमध्ये २०१९ पासून बेकायदा आहे. न्यूयॉर्कनं २०१८ च्या ५५ क्रमांकाच्या कायद्यानं मालकांवर झुरळं, उंदीर आणि बुरशी यांची जबाबदारी थेट टाकली. तिकडच्या डॉक्टर मंडळींनी त्याचा उपयोग करावा. तुमच्या लेटरहेडवरच्या चार ओळींना, की या मुलाला दमा आहे आणि ओल काढणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे, भाडेकरूच्या चाळीस फोनांपेक्षा जास्त वजन असतं.

आणि एक कडू गोष्ट. आपल्यातले काही जण गुंतवणूक म्हणून अशा वस्त्यांत फ्लॅट घेऊन भाड्यानं देतात. सकाळी दवाखान्यात दम्याचं मूल तपासायचं आणि संध्याकाळी भाडेकरूच्या गळतीच्या फोनला 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणायचं, हे जमतं कसं? नावं घेत नाही. तुम्हाला तुमचं माहीत आहे.

घराबाहेरची हवा तर कुणाच्याच हातात नाही असं म्हणतात. लिटल व्हिलेजचं क्रॉफर्ड कोळसा वीज केंद्र तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं लढून २०१२ मध्ये बंद पाडलं. ११ एप्रिल २०२० ला, करोनाच्या ऐन भीतीत, त्याची चिमणी स्फोटानं पाडली आणि धुळीचा लोट सबंध वस्तीवर बसला. २०२५ च्या शरदात स्थलांतरितांची धरपकड चालू असताना त्याच वस्तीत अश्रुधूर सोडला गेला. ऑक्टोबर तसाही दम्याचा महिना. त्याच वर्षी जानेवारीत दवाखाने आणि शाळांना असलेलं धरपकडीपासूनचं संरक्षण काढून घेतलं गेलं होतं. तेव्हा अपॉइंटमेंट चुकली की 'गैरहजर' एवढंच लिहू नका. फोन करा. व्हिडिओवर पंप बघा. औषध ९० दिवसांचं लिहा, म्हणजे फेऱ्या कमी. आणि सांगा की इलिनॉयमध्ये २००६ पासून 'ऑल किड्स'खाली उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलाला कागदपत्रं न बघता विमा मिळतो. धाकट्याचं कार्ड नाही म्हणून थोरल्याचा पंप दोघांत वाटून देणारी आई मी पाहिलीय. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

काय केलं की फरक पडतो हे गूढ नाही. न्यूयॉर्कच्या शाळांत १९८० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी गरीब हिस्पॅनिक आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी ४० मिनिटांचे सहा वर्ग तयार केले, आणि ८ ते ११ वर्षांच्या मुलांसाठीचा तोच कार्यक्रम अमेरिकन लंग असोसिएशननं पुढे देशभर नेला. घरी जाणाऱ्या प्रोमोतोरा, म्हणजे त्याच गल्लीतली, त्याच भाषेतली आरोग्य-कार्यकर्ती, हे तर सगळ्यात गुणकारी साधन. आपली आशाताई डोळ्यांसमोर आणा. ती चहा घेत बसते, सिंकखाली वाकून बघते, आणि आई मला कधीच न सांगितलेलं तिला सांगते. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०२२ पासून मेडिकॅलमधून, म्हणजे तिथल्या मेडिकेडमधून, अशा कार्यकर्त्यांचं काम आणि दम्याचं घरगुती शिक्षण या दोन्हींना पैसे द्यायला सुरुवात केली. इलिनॉयनं त्यांच्या मानधनाचा कायदा २०२१ मध्ये केला. अशा कामाचे पैसे मिळायला बरेचदा डॉक्टरांच्या शिफारशीची एक सही लागते. ती सही तुमची आहे.

तर मागणं असं. तुमच्या दवाखान्यात दम्याच्या प्रत्येक मुलाकडे त्याच्या घरच्या भाषेतली हिरवी-पिवळी-लाल योजना, म्हणजे बरं असताना, त्रास वाढताना आणि तातडीच्या वेळी काय करायचं याचा कागद, असू दे, दोन प्रतींत, एक शाळेच्या नर्ससाठी. पन्नासही राज्यांत मुलाला शाळेत पंप जवळ ठेवायचा हक्क आहे, त्याचा फॉर्म भरून सही करून द्या. इलिनॉयच्या शाळांना २०१८ च्या कायद्यानुसार सर्वांसाठीचा राखीव पंप ठेवता येतो. तुमच्या मुलांच्या शाळेत तो आहे का, हे पालकसभेत विचारा. फार्मासिस्ट मंडळींनी काउंटरवर रिकामा नमुन्याचा पंप ठेवावा. रोजचा पंप भरून नेलेला नाही आणि लगेच आराम देणारा महिन्यात दुसऱ्यांदा मागितला, हे सगळ्यात आधी तुम्हालाच दिसतं. डॉक्टरांना कळवा.

स्पॅनिश शिका. तुमची मुलगी हायस्कूलमध्ये चार वर्षं तीच भाषा शिकतेय, तिच्याकडून शिका, तिलाही गंमत वाटेल. पण मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये डोस सांगू नका. नमस्कार करा, आजीची चौकशी करा, 'मुएस्त्रेमे' म्हणा, आणि मिलिग्रॅमची गोष्ट आली की दुभाष्याला बोलवा.

शाळा उघडल्या की सर्दीचे विषाणू फिरतात आणि सप्टेंबरच्या मध्यापासून इमर्जन्सी भरायला लागते, दर वर्षी. त्याआधी, ऑगस्टमध्ये, आपल्या यादीतल्या प्रत्येक दमेकरी मुलाच्या घरी एक फोन गेला पाहिजे: रोजचा पंप परत सुरू केलात का, आकडा किती राहिलाय? मंडळाच्या कार्यकारिणीशी माझं बोलणं झालंय. जुलैतल्या एका शनिवारी मराठी शाळेचा हॉल मिळेल. स्पेसर, नमुन्याचे पंप, स्पॅनिश योजनांचे कोरे फॉर्म आणि घरमालकाला लिहायच्या पत्राचा मसुदा मी घेऊन येईन, दोन प्रोमोतोरा सोबत असतील. येणाऱ्यांनी कार्यकारिणीकडे नाव द्यावं, आणि आपल्या दवाखान्यात सध्या वाटलं जाणारं दम्याचं स्पॅनिश पत्रक बरोबर आणावं. ते आधी त्या दोघींना वाचायला देऊ.

आपली,
शिकागोतली एक दमा-शिक्षिका